चंद्राच्या फोटोंवर सोपानमामांच्या खुणा

मामा,

आधी हे लिहितो, की त्या फोटोंवरच्या खुणा तुम्ही केल्या. लिंबागणेशच्या माळावर मेंढरांभोवती जाळीची वाघर लावून, मांडीवर पत्र्याच्या पेटीचं झाकण घेऊन, त्यावर कागद पसरून तुम्ही केल्या. फोटो छापून माळावर आणून दिले चौसाळ्याच्या झेरॉक्सवाल्या इरफानभाईंनी. पण बघितलं तुम्ही, ओळखलं तुम्ही. कंपनीच्या कागदात त्या जागी माझं नाव आहे, बिभीषण. म्हणून इथं सगळ्यांत वर तुमचं नाव घातलं.

आता काय झालं ते. तुम्ही गेलात, आणि मी तुमच्याशी एक खोटं बोललो होतो ते तसंच मागं राहिलं.

मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. सगळं आटपलं होतं. मामी मेंढरांकडे तोंड करून बसली होती. मला बघून रडली नाही. मी पाया पडलो तर म्हणाली, "तुझा फोन येतो का म्हणून इचारायचे. कागदावरच्या त्या अंगठ्यांचं काय केलं म्हणायचे बिभ्यानं." मी मान खाली घातली. तिला वाटलं दुःखानं. दुःखानं होतीच, पण निम्मी शरमेनं.

आठवीतून शाळा सोडली तेव्हा तुम्ही मला रागावला नाहीत. हे आता मला टोचतं. कुणीतरी एक थोबाडीत द्यायला पाहिजे होती. तुम्ही फक्त म्हणालात, सकाळी लवकर उठावं लागंल. मग पाच-सहा वर्षं मी तुमच्या मागं फिरलो. आणि मला बेंगलोरला जायचं म्हटल्यावर, हाताखाली दुसरं कुणी नसताना, तुम्हीच चौसाळ्याच्या फाट्यावर आणून सोडलंत. सोलापूरच्या एस.टी.च्या कंडक्टरला सांगितलंत, ह्याला बेंगलोरला नीट उतरून द्या. तो म्हणाला, मामा, माझी गाडी सोलापूरला संपते. तुम्ही म्हणालात, मग तिथून पुढं सांगून ठेवा कुणालातरी. सगळी गाडी हसली. मी लाजेनं खिडकीकडं बघत राहिलो आणि तुम्हाला नीट हातसुद्धा केला नाही.

इथं आधी दोन वर्षं मी एका गोदामात खोकी चिकटवली. मग ह्या कंपनीत लागलो. सात माणसांची कंपनी, चालवणाऱ्या एक मॅडम. चंद्रावर उतरल्यावर आपली आपण चालणारी एक छोटी गाडी करतात. तिला इथून हाक मारून चालवता येत नाही, लांब पडतं, म्हणून जमीन बघून कुठं चाक घालायचं ते तिचं तिनं ठरवायचं. त्यासाठी एआय. म्हणजे तिला हजारो फोटो दाखवायचे आणि प्रत्येक फोटोत आधी माणसानं रंग भरून ठेवायचा. हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे जाऊ नको. ती माणसाचं बघून शिकते. ते रंग भरायचं काम माझं. बाकी सगळे इंजिनियर, मी आठवी.

हे सगळं चालतं अनुदानावर. तुम्हाला फोनवर हे समजावत होतो तेव्हा मी अडखळत होतो, पण तुम्हाला अनुदान म्हटल्याबरोबर कळलं. शेळीगटाच्या योजनेत तुम्ही तीनदा अर्ज केलेला. तुम्ही विचारलंत, पाहणीला साहेब येतेत का. म्हटलं येतात, एक समिती येते, गाडी चाललेली डोळ्यांनी बघते, मगच दुसरा हप्ता. तुम्ही म्हणालात, मग आमच्यासारखंच की. पाहणीच्या दिवशी नेमकं तुमचं बोकड लंगडंल, बघ. आणि मी हसलो होतो.

ती गाडी कशाला जाते हेही तुम्ही विचारलंत. चंद्राच्या टोकाला खड्ड्यांमध्ये कायमची सावली असते, तिथं बर्फ असंल म्हणतात, ते शोधायला. तुम्ही इरफानभाईंना म्हणालात, बघा, बीडच्या पोराला पाणी बघायला चंद्रावर धाडलाय. ते आमच्या ऑफिसात मी सांगितलं होतं. सगळे खूप हसले. कोण म्हणालं ते मात्र मी सांगितलं नाही. आमच्याकडं असं म्हणतात, एवढंच म्हणालो.

तुमच्यापर्यंत हे काम कसं आलं ते मी तुम्हाला कधी खरं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं होतं, मॅडमनी तुमचं मत मागवलंय. मॅडमना तुमचं नावही माहीत नव्हतं. झालं असं की एकच फोटो दोघं जण रंगवतात, मी आणि कार्तिक नावाचा इंजिनियर, आणि दोघांचं जुळलं तर पुढं जातं. शे-सव्वाशे फोटो असे निघाले की आमचं जुळेना. मी जिथं तिथं लाल भरायचो. कार्तिक चांगला मुलगा आहे, पण एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, बिभीषणच्या हातात दिली तर गाडी यानातून खालीच उतरणार नाही. मॅडम म्हणाल्या, हे फोटो तू पुन्हा नीट बघ आणि आठवड्यात निकाली काढ, समितीच्या आधी. मला वाटलं आपली जायची वेळ आली. चार दिवस जेवण गेलं नाही. आणि मला तुम्ही आठवलात. मेंढरं पुढं घालायच्या आधी नुसतं उभं राहून तुम्ही जमीन बघायचात ते आठवलं.

इरफानभाईंना मी फोटो मोबाईलवर पाठवले. ते म्हणाले, "क्या बे, दुकानात लोक आधारच्या झेरॉक्सला येतेत अन तू चंद्र पाठवायला लागला." पण दुकान पोराच्या हवाली करून गेले. मोटारसायकलवर, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून.

पहिल्या दिवशी तुम्ही काहीच खूण केली नाहीत. फोनवर मी ताटकळलेला, आणि तुम्ही कागद उलटा-सुलटा फिरवत होता. हे कोणतं माळरान म्हणालात. चंद्रावरचं म्हटलं. चरायला काय हाय तिथं. काही नाही म्हटलं. मग तुम्ही म्हणालात, "सूर्य कुणीकडं हाय ते सांग आधी."

मी म्हणालो, मामा, त्याची गरज नाही, नुसती जमीन बघा.

"सूर्य म्हाईत न्हाई तर खड्डा कोणता अन उंचवटा कोणता, कसं सांगू? कागद असा धरला तर खड्डा दिसतो, असा धरला तर टेकाड. तूच बघ की."

मी समोरच्या पडद्यावर फोटो उलटा करून बघितला. खरंच, मामा. जो खड्डा होता तो फुगून वर आला. तिरप्या उजेडात असं होतं हे तुम्ही मला माळावर शिकवलं होतं, दोन मेंढ्या मुरमाच्या खाणीत गेल्या त्या संध्याकाळी. मी विसरलो होतो. खुर्चीवर बसलं की विसरतं माणूस.

मी मॅडमकडे गेलो आणि विचारलं, प्रत्येक फोटोत सूर्य कोणत्या बाजूला आहे ते कळंल का. त्या थांबल्या. फोटोबरोबर ती माहिती येते, पण रंग भरायच्या पडद्यावर कुणी दाखवलीच नव्हती. त्यांनी त्याच दिवशी प्रत्येक फोटोवर बाण काढून दिला. म्हणाल्या, खूप चांगला प्रश्न विचारलास. मी "हो मॅडम" म्हणालो. तेवढ्यात सांगता आलं असतं. तोंड उघडलं होतं मी. पण तोपर्यंत मला त्या ऑफिसात कुणी चांगला म्हटलं नव्हतं, आणि ते एक वाक्य मला एकट्यालाच पाहिजे होतं.

मग इरफानभाई बाणवाले कागद घेऊन आले आणि तुम्ही बसलात. पेन घेतलं नाहीत. पेनानं लिहितेत, खूण गेरूनं करतेत म्हणालात. मेंढरांना करता तशाच खुणा तुम्ही चंद्राला केल्या. आपल्या मेंढीला एक ठिपका, तो जिथं वाट आहे तिथं. दुसऱ्याच्या कळपातून घुसलेल्या मेंढीला दोन रेघा, त्या जिथं जायचं नाही तिथं. आणि गाभण आहे का नाही हे कळत नाही अशा मेंढीच्या कपाळाला तुम्ही अंगठा लावता, तो काही फोटोंवर लावला होता. इरफानभाईंनी त्या कागदांचे फोटो मला मोबाईलवर पाठवले, त्यात चोवीस अंगठे होते. मी मोजले.

सगळंच बरोबर होतं असं नाही, तुम्हालाही ते आवडलं नसतं. काळे धोंडे तुम्ही झुडपं समजलात आणि झुडपाकडं तर जायचंच की म्हणून तिथं ठिपके दिलेत. मी किती वेळा सांगितलं की तिथं झाड नाही, काडी नाही. तुम्ही मान्य केलंत, आणि पुढच्या कागदावर पुन्हा झुडूप. ज्या जमिनीवर एकसुद्धा झुडूप नाही अशी जमीन तुमच्या डोक्यात मावेना. ते धोंडे मी दुरुस्त केले. त्याचं मला काही वाटत नाही. अंगठ्यांचं वाटतं.

आमच्या पडद्यावर दोनच रंग होते. हिरवा किंवा लाल. तिसरं काही भरायची सोय नव्हती. मी तुम्हाला फोनवर विचारलं, मामा, ह्या चोवीसांचं एक काहीतरी सांगा. तुम्ही म्हणालात, न्हाई ठाऊक. मी म्हटलं, अंदाजानं सांगा. तुम्ही म्हणालात, अंदाजानं सांगायचं असतं तर अंगठा कावून लावला असता. मी जरा चढ्या आवाजात बोललो. म्हणालो, मामा, इथं साहेब लोकांना उत्तर लागतं, ठाऊक नाही म्हटलं तर घरी पाठवतेत.

तुम्ही चिडला नाहीत. हळू बोललात. "ठाऊक न्हाई म्हंजी जाऊ नको असं न्हाई, बिभ्या. त्या मेंढीला आपण इकून टाकतो का? वेगळी चारतो, रोज बघतो. तसं थांबून बघायचं. जे ठाऊक न्हाई ते ठाऊक न्हाई म्हणूनच ठीव."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. आणि चोवीसच्या चोवीस फोटो हिरवे केले.

लाल का नाही केले हेही सांगतो. लाल केले असते तर कार्तिक पुन्हा हसला असता. मला एकदा धाडसी दिसायचं होतं. मी जन्माचा भित्रा, मामा, तुम्हाला माहीत आहे, कोल्हा ओरडला तर तुमच्या घोंगडीत शिरायचो. भित्र्या माणसानं धाडस दाखवायचं ठरवलं की ते दुसऱ्याच्या जिवावर दाखवतो. इथं गाडीच्या.

मॅडमना काम आवडलं. कार्तिकनं पाठीवर थाप मारली. पुढच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, माझ्या अंगठ्यांचं काय केलं. मी म्हणालो, ठेवले तसेच. त्याच्या पुढच्या रविवारीही विचारलंत. दोन्ही वेळा मी तेच म्हणालो. तुम्ही म्हणालात, शाणा हाईस. तो शब्द अजून माझ्या कानात आहे आणि मला तो काढून टाकता येत नाही.

समिती आली तेव्हा आमच्या मागच्या शेडमध्ये खडी क्रशरची बारीक भुकटी पसरली होती. काळे पडदे, एका बाजूला खाली लावलेला एकच मोठा दिवा. अगदी चंद्राच्या टोकासारखा तिरपा उजेड. तीन साहेब खुर्च्यांवर. गाडी निघाली. धोंडे चुकवले, चढ चढली. मग एका लांब सावलीच्या कडेला आली. तिथं थांबायला पाहिजे होतं. ती थांबली नाही. अगदी भरवशानं गेली आत, आणि पुढचं चाक पार बुडून तिरकी झाली. एका साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला तुमचं लंगडं बोकड आठवलं आणि हसू आलं नाही.

मॅडमनी आठवडाभर शोधलं. गाडीनं तसं का केलं, कोणते फोटो बघून ती तसं शिकली. तसल्या सावलीचे जे फोटो निघाले ते सगळे मी निकाली काढलेले, त्या चोवीसांतले. दुसरा हप्ता अडकला. समितीनं पुन्हा एक संधी दिली, पण आधी चूक का झाली त्याचा अहवाल द्या म्हणाले. मॅडमनी प्रत्येकाला आपापला भाग लिहायला सांगितलं. माझ्या पुढ्यात कोरा कागद होता, दुपारची वेळ, आणि इरफानभाईंचा फोन आला. मला वाटलं तुम्हीच त्यांच्या फोनवरून करताय. मी उचलल्या उचलल्या म्हणालो, मामा, एक सांगायचं होतं. पलीकडून इरफानभाई म्हणाले, "बेटा, जरा बस खाली."

अंगठ्यांचं खरं मी त्या दिवशी तुम्हाला सांगणार होतो असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मला खात्री नाही. कदाचित मी पुन्हा हवापाण्याचंच बोललो असतो.

दहावा करून परत आलो आणि मॅडमना सगळं सांगितलं. माळ, गेरू, अंगठे, सगळं. कामाला लावताना सही करून घेतली होती की फोटो बाहेर कुणाला दाखवणार नाही, आणि रंग फक्त यादीतल्या माणसानं भरायचे असा अनुदानाचा नियमही आहे. मी दोन्ही मोडलं होतं. मला वाटलं आता पिशवी भरायची. मॅडम रागावल्या, नाही असं नाही. म्हणाल्या, फोटो बाहेर दिलेस त्याबद्दल लेखी ताकीद मिळंल. मग त्यांनी विचारलं ते कागद कुठं आहेत. मी मामीकडून आणले होते. टेबलावर पसरले. त्या अंगठ्यांवर त्यांनी बोट ठेवलं, पण टेकवलं नाही, गेरू पुसंल म्हणून.

आता पडद्यावर तिसरा रंग आहे, मामा. पिवळा. पिवळं दिसलं की गाडी थांबते, वळून दुसऱ्या बाजूनं बघते, मग ठरवते. कार्तिकनं दोन दिवसांत केलं ते. ते चोवीस फोटो मी पिवळे केले. दुसऱ्यांदा गाडी सावलीच्या कडेला आली तेव्हा थांबली. मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीजवळ बसलो.

हप्ता मिळाला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी एक कागदात बांधून ठेवला, मग लक्षात आलं कुणासाठी ते, आणि खाऊन टाकला.

मी मॅडमना म्हणालो, यादीत मामांचं नाव घाला. त्यांनी फॉर्म काढून दाखवला. नाव घालायला त्या माणसाची संमती लागते, सही नाहीतर अंगठा. आणि तो तारखेसकट ताजा पाहिजे. कागदांवर तुमचे चोवीस अंगठे आहेत, त्यातला एकही चालत नाही. मी वाद घातला. पहिल्यांदाच त्या ऑफिसात कुणाशी तरी वाद घातला, त्याही मॅडमशी. त्या म्हणाल्या, मला कळतं बिभीषण, पण आता नाही होणार. मॅडमनी मला चांगलं म्हटलं त्याच दिवशी एक फोन केला असता, माळावर एक कागद धाडला असता, तुम्ही हसत अंगठा दिला असता. साधं काम होतं. इरफानभाईंची एक फेरी. मी ते केलं नाही कारण मला ते वाक्य एकट्याला पाहिजे होतं.

अहवालातला माझा भाग मी लिहिला. मराठीत लिहिला, मॅडमनी इंग्रजी केला. त्यात आहे की खूण करणाऱ्या जाणकार माणसानं ह्या जागा सोडून दिल्या होत्या, त्या मी माझ्या मनानं भरल्या. तुमचं नाव घालता आलं नाही, पण चूक तुमची नव्हती हे सरकारी कागदावर आहे. तुम्हाला ते पुरलं असतं. मला पुरत नाही.

तुमच्याशी एक भांडण माझं अजून बाकी आहे. तुम्ही म्हणायचात, जिथं मेंढरू जात नाही तिथली वाट शोधून माणसाला काय मिळतं. मी पाणी म्हणालो की तुम्ही हसायचात. मला आता उत्तर सुचलंय असं वाटतं आणि दुसऱ्या क्षणी वाटतं, नाही, तुमचंच खरं. एकटा भांडतोय तर दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात, आणि तुमची बाजू मला तुमच्यासारखी जमत नाही.

पुढचा अर्ज आता भरतोय. मोठा आहे, तीन वर्षांचा. त्यात एक भाग मॅडमनी मला दिलाय. जमीन ओळखणारी माणसं कंपनीबाहेरून घ्यायची, मेंढरं राखणारी, विहिरी खणणारी, त्यांना रोजचा पगार, आणि पहिल्याच दिवशी संमती घेऊन नाव यादीत. केजपासून चौसाळ्यापर्यंत कोण कोण बसंल ह्या कामाला ते इरफानभाई विचारून ठेवतायत. मामीचं नाव मी आधी लिहिलं. मेंढरांना खुणा तुमच्याबरोबर तीही करायची हे मला माहीत आहे. ती नको म्हणाली, मग म्हणाली बघू.

मंजूर होईल का नाही सांगता येत नाही. आमच्यासारखे किती तरी अर्ज असतात. नामंजूर झाला तर दुरुस्त करून पुन्हा भरीन, आणि ही कंपनी नाही राहिली तर दुसरीत जाऊन भरीन. तुम्ही माझ्यासाठी केलं ते मी वापरलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. हे मी फेडणार आहे, मामा. आज माझ्या हातात तेवढं नाही. पण ज्या दिवशी माळावरचा पहिला माणूस आपल्या नावानं, आपल्या सहीनं ह्या कामाला बसंल, त्या दिवशी मी रजा काढून येईन, मामीच्या समोर बसून तिला ते नाव मोठ्यानं वाचून दाखवीन, आणि मग तुमच्या फेडीला सुरुवात झाली असं समजेन.

तुमचा भाचा,
बिभीषण